फक्कीवाल्यांचं नाव मी बदललं

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी 'हॉकीच्या गोड आठवणी' लिहून पाठवा, असं संपादक मंडळाचं पत्र आलं. गोड आठवणी बाकीचे लिहितीलच, त्यांची कमी नाही. माझ्याकडे एकच आठवण आहे आणि ती गोड नाही. आपल्या संघाचं जुनं नाव पुसण्यात माझा हात होता आणि ते नाव एका माणसाचं होतं. नाव बदलायची मतं घेऊन मी विमानतळावर पोहोचायच्या आधी मला हे कळलं होतं. तरी मी ती पाठवली. छापायचं असेल तर छापा.

नव्या पोरांना 'झुंजार' एवढंच माहीत असणार. त्याआधी आपला संघ 'फक्कीवाले' होता. फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायची पांढरी पूड. शहरात लष्कराची छावणी, त्यामुळे क्रिकेटच्या जमान्यातही आपल्याकडे हॉकीला गर्दी व्हायची. बांधावर उभं राहून डबे वाजवायचे, आणि खिशात कागदाच्या पुडीत मूठभर फक्की ठेवायची. आपला गोल झाला की ती उधळायची, नाहीतर शेजाऱ्याच्या डोक्यावर घासायची. शेजारी कोण हे बघायचं नाही. एकदा मी गणिताच्या सरांच्या टकलावर घासली होती. सरांनी मागे वळून बघितलं आणि स्वतःच्या पुडीतली माझ्या तोंडाला फासली. जिंकून परतणारं पोरगं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसायचं, आणि चौकातला पानवाला न विचारताच म्हणायचा, "जिंकलात वाटतं."

मी स्टिक कधी धरली नाही. माझं काम ओरडणं आणि पत्रकं काढणं. फीवाढ, होस्टेलचं पाणी, मेसमधल्या आळ्या, कशावरही मी पत्रक काढायचो. विद्यार्थी संघटनेचं सायक्लोस्टाइल मशीन माझ्या खोलीत होतं, आणि वर्षभर माझी बोटं निळी असायची. पत्रकाचं तंत्र सोपं आहे. शत्रू एकच ठेवायचा, मागणी एकच ठेवायची आणि शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. शंका आली तर ती ओळ खोडायची. हे तंत्र मला इतकं जमलं होतं की माझ्या डोक्यात दुसरं काही यायचंच बंद झालं होतं.

पदवी घेऊन मी सौदीतल्या जुबैलला गेलो, एका पेट्रोकेमिकल प्लांटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून. पत्र्याच्या केबिनांचा कॅम्प, कंपनीची बस, बारा तासांची शिफ्ट. पहिल्याच आठवड्यात कळलं की आपल्या कॉलेजचे अकरा जण इथे आहेत. बरोबर एक संघ, फक्त त्यातल्या सात जणांना खेळता येत नव्हतं. कॅम्पामागे दाबून कडक केलेल्या वाळूचं मैदान होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी पलीकडच्या कॅम्पातले पाकिस्तानी वेल्डर येऊन आम्हाला हरवून जायचे. हरलो तरी शुक्रवारची वाट बघायचो, कारण मैदानावर रेषा असायच्या. सरळ, पांढऱ्या आणि कॉलेजात असायच्या तशाच.

त्या रेषा चाचा मारायचे.

चाचा आमच्या बसचे ड्रायव्हर. मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी मामाच्या बेकरीत काम करायला आमच्या शहरात आले आणि नंतर आमच्याच कॉलेजच्या मैदानावर रोजंदारीवर लागले. पंधरा वर्षांत त्यांना कुणी कायम केलं नाही. शेवटी भावाने व्हिसा पाठवला आणि ते इकडे आले. आम्हा अकरांपैकी सगळ्यांत जुना माणूस कॉलेजात दाखल झाला त्याआधीच ते निघून गेले होते, म्हणजे आमच्यातल्या कुणी त्यांना तिथे पाहिलेलं नव्हतं. 'पूर्वी आपल्या ग्राउंडवर होते' एवढंच आम्हाला माहीत. बांधकामाच्या गोदामातून ते फाटक्या पोत्यातली जिप्समची पूड मागून आणायचे, शुक्रवारच्या नमाजाआधी रेषा मारून ठेवायचे, मशिदीतून आले की आमचा खेळ बघायचे. बघायचे म्हणजे शिव्या घालायचे.

"अरे ए, स्टिक हाय ती, केरसुणी नाय!"

माझी पत्रकांची ख्याती कुणीतरी त्यांना सांगितली होती. बसमध्ये चढलो की ठरलेलं असायचं, "या पत्रकवाले. आज कुणाच्या नावानं शिमगा?"

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. आमच्यापासून सीमा बसने काही तासांवर. दोन महिन्यांत रस्त्यावर रणगाडे वाहून नेणारे ट्रेलर आमच्या बसपेक्षा जास्त दिसायला लागले. घरून येणाऱ्या पत्रांत एकच वाक्य असायचं, परत ये. पण पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, आणि कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या सौदी मालकाच्या, सहीशिवाय कुणी हलू शकत नव्हतं. त्या दिवसांत कॉलेजचं पत्र आलं. कॉलेजला स्वतःचं विद्यापीठ होण्याची परवानगी मिळाली होती. नवं बोधचिन्ह ठरणार होतं, आणि हॉकी संघाला 'विद्यापीठाच्या प्रतिष्ठेला साजेसं' नाव हवं होतं. माजी विद्यार्थ्यांनी मतं पाठवावीत, जानेवारीच्या मध्यापर्यंत पोहोचावीत.

याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. खरं म्हणजे ती लपवावीशी वाटते, म्हणूनच सांगतो.

पत्र यायच्या दोनच दिवस आधी आमच्याकडे गॅसचे मास्क आले होते. खाकी पिशवीत एकेक. ते इंजिनिअर आणि त्यावरच्या लोकांना मिळाले. ड्रायव्हर, मेसवाले, सफाईवाले यांना सांगण्यात आलं, तुमचे येतायत. सुपरवायझरला मी विचारलं, "कधी येतायत?" तो म्हणाला, "इन्शाल्ला." मी खोलीत येऊन दार लावलं आणि पत्रक लिहिलं. मथळा होता : 'नाक सगळ्यांना आहे.' आजवरचं माझं सगळ्यांत चांगलं पत्रक, मी आजही सांगतो. इंग्रजीत लिहिलं, म्हणजे मॅनेजरलाही वाचता आलं असतं. मग दोन वेळा वाचलं. या देशात असा कागद सापडला तर इकामा म्हणजे राहण्याचा परवाना रद्द, पहिल्या विमानाने घरी, खलास. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. मी कागदाचे तुकडे केले आणि संडासात टाकून पाणी ओतलं.

त्याच हातांनी, त्याच आठवड्यात, मी हॉकीच्या नावावर पत्रक लिहिलं. मराठीत, म्हणजे तिथल्या कुठल्याही अधिकाऱ्याला वाचता येणार नाही असं. सगळा संताप त्यात ओतला. मला माहीत होती ती गोष्ट अशी : फार पूर्वी श्रीमंत जिमखान्याच्या प्रेक्षकांनी आमच्या पोरांना मजूर म्हणून हिणवलं, 'फक्कीवाले आले' म्हणून ओरडले, आणि आमच्या लोकांनी ती शिवीच नाव म्हणून घेतली. मी लिहिलं :

'मित्रहो, दुसऱ्याने थुंकलेलं आपण किती वर्षं कपाळावर मिरवणार? जगाच्या मैदानात उतरताना आपली ओळख पूड टाकणाऱ्या गड्याची असावी की लढणाऱ्याची? ज्याला स्वाभिमान आहे तो 'झुंजार' या नावावर खूण करील. ज्याला नाही, त्याने खुशाल फक्की मारत बसावं!'

ही शेवटची ओळ. तंत्राप्रमाणे.

ऑफिसच्या मशीनवर प्रती काढल्या आणि बसमध्ये दहा जणांच्या हातात दिल्या. अकरावी प्रत चुकून सीटवर राहिली. दुसऱ्या दिवशी ती मला गाडीच्या पुढच्या काचेपाशी दिसली, चाचांच्या तसबीच्या माळेपाशी, नीट चार घड्या घालून ठेवलेली. मराठी ते वाचायचे, सातवीपर्यंत शिकले होते. पण त्या दिवशी शिमग्याचं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुमचं." एवढंच.

मतदान माझ्या खोलीत झालं, एका शुक्रवारी, खेळानंतर. चाचांनी सगळ्यांसाठी चहा केला, कारण आमच्यात चहा धड कुणालाच करता येत नव्हता. पाच जण जुन्या नावाच्या बाजूने होते. भांडण जुंपलं.

"झुंजार म्हणजे कुस्तीची तालीम वाटते रे!"

"आणि फक्कीवाले म्हणजे? गोठा वाटतो!"

"वाटू दे. गोल झाल्यावर काय उधळणार आहेस, झुंजार?"

सगळे हसले. मी हसलो नाही. हे वाक्य मोठं धोक्याचं होतं, हे मला पत्रकवाला म्हणून कळलं. तेवढ्यात आमच्यातला सगळ्यांत शांत माणूस, जो अजून कुणाच्याच बाजूने बोलला नव्हता, दाराकडे वळला. "चाचा, तुम्ही तर आमच्याआधीचे. तुम्हाला काय वाटतं?"

चाचा किटली घेऊन दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. मी ते उघडलेलं तोंड पाहिलं आणि तरी म्हणालो, "मत फक्त माजी विद्यार्थ्यांचं आहे. नियम आहे तसा पत्रात."

चाचांनी तोंड मिटलं. "बरोबर हाय," म्हणाले. "साखर कुणाला पायजे?"

शांत माणसाने माझ्याकडे बघत 'झुंजार'वर खूण केली. मला वाटलं, पटवलं. त्याने खूण करून चिठ्ठी टाकली आणि चहा न पिता उठून गेला. चाचांना गप्प बसवणाऱ्यांना जुनं नाव शोभत नाही, असं त्याला म्हणायचं होतं, हे मला फार नंतर उमगलं. सहा विरुद्ध पाच. अकराही मतं एका पाकिटात गेली आणि वर मी ठराव जोडला : जुबैल शाखेचं बहुमत 'झुंजार'ला.

मग एका दुपारी आम्ही बसमध्ये असताना हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. शिफ्ट संपवून परतत होतो. सराव आहे की खरं, ते कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी पिशव्या उघडून मास्क चढवले, पट्टे ओढले. गाडी थांबवायची नाही असा हुकूम होता. चाचांनी एका हाताने पंचा बाटलीतल्या पाण्यात भिजवून नाकातोंडावर गुंडाळला आणि दुसऱ्या हाताने गाडी चालवत राहिले. पुढच्या आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. त्यांना माझे काय दिसले असतील? दोन काचा. दहा मिनिटांनी भोंगा थांबला. सराव होता. चाचांनी पंचा खाली केला आणि म्हणाले, "सगळे सारखेच दिसता हो त्याच्यात. हत्तीची पोरं!" बस हसली. मास्कच्या आत मीही हसलो आणि काच धुरकटली.

जानेवारी लागला. टपालाचा भरवसा राहिला नव्हता. आमच्यातला एक जण बायकोला आणि मुलीला मुंबईला पाठवत होता. त्यांच्यासोबत पाकीट द्यायचं ठरलं. ते आदल्या दिवशीच धाहरानला नातेवाइकांकडे गेले होते, म्हणून मला पाकीट घेऊन विमानतळावर जायचं होतं. कंपनीची छोटी गाडी मिळाली. चालवायला चाचा.

रस्ता लष्कराच्या गाड्यांनी भरलेला. मांडीवर एका बाजूला पाकीट, एका बाजूला मास्कची खाकी पिशवी. मग मीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चाचा, हे फक्कीवाले पडलं तेव्हा तुम्ही कॉलेजातच होता ना?"

"होतो तर. तुम्ही तेव्हा चड्डीत असाल."

"जिमखानावाले ओरडले ना आपल्या पोरांना?"

"पोरांना नाय ओरडले," चाचा म्हणाले. "मला ओरडले."

आणि पुढच्या ट्रेलरला बाजू देत देत, तुकड्यातुकड्यांनी त्यांनी सांगितलं. फायनल जिमखान्याच्या मैदानावर होती. त्यांचा माळी भांडून निघून गेलेला, मैदानावर रेषाच नाहीत. पंच म्हणाले, सामना पुढे ढकलू. पुढे ढकलला असता तर आपल्या पोरांची परीक्षा आडवी येत होती. चाचा संघाबरोबर टेम्पोत गेले होते, आणि सवयीने पोतंही घेऊन गेले होते. त्यांनी एकट्याने दीड तासात सगळं मैदान आखलं. वरच्या बाकांवरून जिमखान्याचे लोक हसत होते, कॉलेज खेळाडू आणायचं विसरलं, फक्कीवाला आणलाय म्हणून. रेषा मारून झाल्यावर चाचा डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले होते. बाजूला जाऊन ते हातपाय धुवायला लागले, तर आपला कप्तान आला.

"म्हणाला, धुवू नको. माझा हात धरला, माझ्या अंगावरची फक्की घेतली आणि आपल्या कपाळाला लावली. मग सगळ्या पोरांनी लावली. आणि मला पुढं घालून मैदानात चालत गेले. ओरडत गेले, कोण आले, फक्कीवाले आले." चाचांनी गिअर बदलला. "दोन-एकनं हरलो आपण. पण नाव ऱ्हायलं."

मी विचारलं, आणि माझा आवाज चिडलेला निघाला, जणू चूक त्यांचीच, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही लिहीत होता."

यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ते गाडीला किती पेट्रोल लागतं हे सांगावं तसं सांगितलं.

विमानतळ यायला अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात मी पाकीट फोडू शकत होतो. एक चिठ्ठी लिहू शकत होतो : ठराव मागे घ्या, शाखेला खरी हकीकत माहीत नव्हती. पेन खिशात होतं, ते नेहमीच असतं. मी मनातल्या मनात काय केलं माहीत आहे? मुद्दे मांडले. नियमाप्रमाणे मतदान झालंय. सहा जणांच्या मताचा अनादर होईल. एका माणसाच्या भावनेसाठी संस्थेचा निर्णय बदलायचा का? एकेक मुद्दा बिनतोड होता. आणि सगळ्यांच्या तळाशी एकच गोष्ट होती, की मी छापून वाटलेली ओळ खोटी ठरली असती, आणि ती मलाच माझ्या हाताने खोटी ठरवावी लागली असती.

विमानतळावर नुसता गोंधळ. रडणारी पोरं, दोरीने बांधलेल्या बॅगा, रांगेत घुसणारे लोक. मी वहिनींच्या हातात पाकीट दिलं. मागे वळलो तर चाचा त्यांच्या मुलीला उचलून घेऊन उभे होते, गर्दीत चिरडू नये म्हणून. त्यांनी पाकीट पर्समध्ये जाताना पाहिलं. तिला खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "यल्ला, निघू या. अंधार व्हायच्या आत पोचायला पायजे."

पुढे युद्ध झालं आणि संपलं. आम्ही कुणी मेलो नाही. चाचांचा मास्क शेवटपर्यंत आला नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी कॉलेजचं छापील पत्र आलं : बहुमताने 'झुंजार'. किती मतांनी ते लिहिलं नव्हतं. आमच्या अकरांशिवायही तेच झालं असतं, असं मला काही जणांनी समजावलं. असेलही. माझ्या हातात अकराच होती.

नंतर सुट्टीवर आलो तेव्हा मी मुद्दाम एक सामना बघितला. बांधावर उभा राहिलो. पोरांच्या अंगावर नवे टी-शर्ट, पाठीवर 'झुंजार'. आपला गोल झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि हात खाली केले. माझ्या खिशात सवयीने आणलेली पुडी होती. ती मी उघडली नाही. शेजारी कुणीतरी अनोळखी पोरगा होता, आणि त्याला काय सांगणार होतो?

चाचांबद्दल शेवटचं. कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर त्या वसंतात जुबैलवर यायचा. दुपारी गाड्या दिवे लावून चालायच्या. मैदानावर काजळीचा थर बसला होता. चाचांना मदिनेत यात्रेकरूंच्या हॉटेलात काम मिळालं होतं. बरीच वर्षं त्यांना तिकडेच जायचं होतं, आणि कफीलने एकदाची सही केली होती. त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी मी नमाजाच्या आधीच मैदानावर गेलो. माफी मागायची ठरवून गेलो होतो. वाक्यं तयार होती, क्रमाने.

त्यांनी मला बघितलं आणि सुतळीचं एक टोक हातात दिलं. सरळ रेषेला दोन माणसं लागतात. एवढी वर्षं ते दुसरं टोक दगडाला बांधायचे, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"ताठ धरा, पत्रकवाले. हलू नका. आणि बोलू नका, बोललात की हात हलतो."

मी सुतळी ताठ धरली. ते वाकून, मागे मागे सरकत, मूठ सैल करत माझ्याकडे येत गेले. काळ्या मैदानावर पांढरी रेषा उमटत गेली. ती माझ्या पायांशी येऊन थांबली. त्यांनी कंबर सरळ केली, रेषा एकदा शेवटपर्यंत नजरेने तपासली आणि पोत्याकडे वळले. पुढच्या रेषेसाठी मी सुतळी घेऊन पलीकडे गेलो. नमाजाची वेळ होईपर्यंत आम्ही सगळं मैदान आखलं. माझी वाक्यं तशीच राहिली.